रफीक आणि घट्ट बूट

आमचं युनिट पंजाबातल्या छावणीतून वर बर्फात गेलं, तेव्हा मी लान्स नायक होतो. युनिटमध्ये देशभरातले जवान होते, पण बुलढाणा जिल्ह्यातले आम्ही दोघंच. मी मेहकरजवळच्या खेड्यातला वानखडे, आणि नायक रफीक सोनाळ्याचा. आमच्या दोन गावांच्या मध्ये जवळजवळ सबंध जिल्हा पडतो. गावीच राहिलो असतो, तर एकमेकांचं तोंडही पाहिलं नसतं. तिथं मात्र आमच्या खाटा शेजारीशेजारी होत्या.

दिवसभर हिंदी चालायची. ऑर्डर हिंदीत, शिव्या हिंदीत, गंमतही हिंदीत. संध्याकाळी चहाचे मग घेऊन बुखारीच्या, म्हणजे त्या लोखंडी शेगडीच्या बाजूला बसलो की रफीक म्हणायचा, "हं, बोल बे आता माणसावानी." मग आम्ही काहीही बोलायचो. सोनाळ्याकडच्या संत्र्यांचा बहार, खामगावच्या बाजारातली गर्दी, कोणाचं लग्न मोडलं, कोणाची म्हैस व्याली. रफीक लग्न न झालेला, मीही तसाच, तरी दुसऱ्यांच्या संसारावर आम्ही भरपूर अक्कल पाजळायचो. त्या गप्पांवर मी अख्खा दिवस काढायचो. त्या नसत्या तर मी तिथं टिकलो नसतो.

दुसऱ्या हिवाळ्यात मला स्की कोर्सला घातलं. नियम साधा होता. जो पास होईल तो वरच्या पोस्टवर पेट्रोलिंगला. नापास होईल तो खाली, गाड्यांच्या तुकडीत. रफीक आदल्या वर्षीच पास झाला होता आणि वर जाणारच होता. म्हणजे मी आपटलो, तर तो वर एकटा आणि मी खाली एकटा.

आणि मी रोज आपटत होतो. स्टोअरमधून माझ्या वाट्याला आलेले बूट ढगळ होते. वळण घ्यायला गेलो की आत टाच उचलली जायची, बूट एकीकडे आणि मी दुसरीकडे. आमचे उस्ताद हिमाचलचे हवालदार होते. शिकवणाऱ्याला फौजेत उस्तादच म्हणतात. ते म्हणाले, "वानखडे, तू स्की नहीं कर रहा, हल चला रहा है।" मग बुटाकडे बघून म्हणाले, "टेस्ट अगले हफ्ते। बूट ठीक कर, नहीं तो बिस्तर बाँध।" स्टोअरमध्ये माझ्या मापाचा दुसरा जोड नव्हता.

रविवारी आउट पास काढून आम्ही खालच्या बाजारात गेलो. तिथं हौशी प्रवाशांनी वापरलेले स्कीचे बूट विकायला असत. असा बूट म्हणजे बाहेरून कडक प्लास्टिकचं कवच, आत मऊ अस्तराचा दुसरा बूट आणि वरून चार बकलं. दुकानदार म्हाताऱ्यानं आधी आतला बूट काढून ठेवला, मला नुसत्या कवचात उभं केलं आणि टाचेमागे दोन बोटं घालून पाहिली. मग अस्तर परत बसवलं, बकलं आवळली.

"सीधे खड़े हो जाओ। उँगलियाँ आगे लगती हैं?"

"लगती हैं। बहुत लगती हैं।"

"अब घुटना मोड़ो।"

गुडघे वाकवल्यावर बोटं जराशी मागे सरली, पण करंगळीला आगच लागली होती. आमच्या घरी पायताण नेहमी एक नंबर मोठं घ्यायची रीत. उन्हाळ्यात पाय फुगतो, आणि आपल्याला नाही झालं तर धाकट्याला होतं. शिवाय काळ्या रानात उघड्या पायांनी वाढलेला माझा पंजा सुपासारखा पसरलेला.

"हा चावून राह्यला," मी रफीकला म्हणालो. "एक नंबर मोठा सांग त्याले."

"काऊन? पेरणीले चालला का?"

"बोटं हालून नाही राह्यले बे!"

"बोटं हालवून काय करतं? टाच नाही हालली पायजे. घे मुकाट्यानं." मग जरा थांबून म्हणाला, "तू खाली गेला तं म्या बोलू कोणाशी?"

मी बूट घेतले.

संध्याकाळपर्यंत पायाला फोड आला. नवं पायताण चावलं की त्याला तेल पाजायचं, हे वऱ्हाडात पोराटोरालाही ठाऊक. चामड्याला तेल चोळायचं आणि उन्हात ठेवायचं, चार दिवसांत पायताण लोण्यासारखं होतं. इथं ऊन नव्हतं, पण बुखारी होती. रफीकनं लंगरमधून, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातून, वाटीभर सरसोंचं तेल आणलं. दोघांनी मिळून आतलं अस्तर चांगलं चोपडलं आणि जोड शेगडीजवळ ठेवून दिला. हे चामडं नाही, स्पंज आहे, हा विचार दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

सकाळी फॉलिनमध्ये, रांगेत उभे असताना, उस्ताद माझ्यासमोर थांबले. नाक वर करून त्यांनी दोनदा वास घेतला. मग खाली वाकले.

"ये बूट है या पकौड़ा?"

सगळी रांग हसली. टाच आत साबणासारखी सरकत होती आणि तेलानं भिजलेलं अस्तर बर्फात गार पडलं होतं. खांद्यावर स्की घेऊन आम्हा दोघांना ग्राउंडला चकरा मिळाल्या. रफीक कोर्सवर नव्हता, पण तेल त्याचं होतं हे तो स्वतःच बोलून गेला. चकरा संपल्यावर उस्तादांनीच गरम पाणी मागवलं. अस्तर साबणानं धुवून घेतलं, सुकवलं. करंगळीच्या बाजूचं प्लास्टिक तापवून, आत लाकडी ठोकळा ठोकून थोडं बाहेर काढलं. मग जाड मोज्यांची जोडी काढायला लावून एकच पातळ मोजा घालायला सांगितला.

बूट बसला. तेलाचा वास काही गेला नाही, पण टाच जागची हलली नाही. टेस्ट पास झालो. रफीकनं मिठी मारली आणि कानात एवढंच म्हणाला, "वाचलो बे."

वरच्या पोस्टवर आम्ही तो हिवाळा बरोबर होतो. पुढचा मात्र अर्धाच.

फेब्रुवारीतली सकाळ होती. शेजारच्या पोस्टपर्यंत जाऊन परत यायचं, रोजचंच पेट्रोल, म्हणजे गस्त. चौघं जण होतो. रफीक सगळ्यात चांगला चालवायचा, म्हणून पुढे. मी तिसरा. उतार ओलांडताना दोघांत अंतर ठेवायचं असतं, ते आम्ही ठेवलं होतं. आवाज फार मोठा झाला नाही. वरचा बर्फ एका रेषेत फाटला आणि सरकला. रफीक होता तिथं पांढरं झालं.

चौघांतल्या कमांडरनं रेडिओ उघडला.

"एक जवान दबा है। ओव्हर।"

"कौन? ओव्हर।"

"नायक रफीक। ओव्हर।"

"खोदते रहो। टीम निकल रही है। आउट।"

आम्ही खोदत राहिलो. लांब सळया खुपसून शोधत होतो, तिसऱ्या ठिकाणी सळई अडली. रफीकला बाहेर काढलं, तेव्हा तोंडात बर्फ भरला होता. मी त्याला वऱ्हाडीत हाका मारत होतो, हे मला नंतर बाकीच्यांनी सांगितलं. माझ्या ध्यानात नाही.

खाली एमआय रूममध्ये, म्हणजे फौजी दवाखान्यात, डॉक्टर साहेबांनी तपासलं आणि टोपी काढली. बुटांची बकलं गोठली होती, नर्सिंगवाल्या जवानाला उघडेनात. मी म्हणालो, "मैं खोलता हूँ।" फुंकर मारमारून एकेक उघडलं. बूट काढले. आत मोजे कोरडे होते. बर्फाचा कणही आत गेला नव्हता. मी त्याचे पाय हातात धरून बसलो आणि तिथंच रडलो. कुणी उठवलं नाही.

त्याला घेऊन सोनाळ्याला मीच आलो. माती देऊन परत वर गेलो. त्यानंतर सबंध मोसमात मराठीचा एक शब्द बोलायला माणूस मिळाला नाही. एकदा रसद आणणाऱ्या खेचराला "सरक बे" म्हणालो. स्वतःचाच आवाज ऐकून थबकलो. खेचर सरकलं नाही.

हवालदार होऊन रिटायर झालो, मेहकरला घर केलं. बायको आहे, शेत आहे. लोक विचारतात, "बर्फात लय मजा येत असन ना?" मी हो म्हणतो. दुसरं काय सांगणार? बायकोनं ऐकून घेतलं, पण तिनं बर्फ फक्त फ्रिजमध्ये पाहिलेला. म्हणून दर हिवाळ्यात एसटीनं खामगाव गाठतो, तिथून सोनाळ्याला जातो, रफीकच्या आईकडे. तिला मी अम्मी म्हणतो.

पहिल्या वेळी तिनं विचारलं होतं, "लय थंडी वाजली असन माह्या लेकराले?"

"नाही अम्मी. पाय कोरडे होते त्याचे. म्या पाह्यले."

त्यानंतर दर वर्षी ती चहा ठेवायची आणि मी सांगत बसायचो. तो उतार, ती फाटलेली रेषा, ते खोदणं. ती ऐकायची.

यंदा गेलो, तेव्हा ती ओट्यावर तुरीची डाळ निवडत होती. खूप थकली आहे आता. मी बसलो आणि सुरू केलं. पेट्रोल निघालं, रफीक पुढे, मी तिसरा. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बस बेटा," ती म्हणाली. "रफीक तं तवाच आला घरी. तिकडं झोपला हाये, बापाजवळ. तू कधी येशीन?"

तिनं सूप माझ्याकडे सरकवलं. "माह्या डोयाले दिसत नाही आता," म्हणाली. मी मान खाली घातली आणि खडे वेचू लागलो.