गवळणबाईंचा सत्रनिबंध

हॉस्पिटलात सगळे त्यांना गवळणबाई म्हणत. किरणोत्सारी औषधांच्या विभागात त्या बावीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. दर सोमवारी शिशाच्या जाड कवचातला एक डबा येई. त्यातल्या मॉलिब्डेनमपासून आपोआप टेक्नेशियम तयार होत राही, आणि तेही तासातासाने विरत जाई. रोज सकाळी बाई डब्यातून मिठाचं निर्जंतुक पाणी सोडून ते बाहेर काढत आणि तपासणीसाठी डोस भरत. या कामाला तिथे 'दूध काढणं' म्हणत. नाव पडलं ते त्यावरून.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, तशी राहून गेलेली पदवी पुरी करायचं बाईंनी मनावर घेतलं. संध्याकाळच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला अणुरसायनशास्त्र होतं आणि त्यात बारा पानांचा सत्रनिबंध. विषय ज्याने त्याने निवडायचा. बाईंनी जुन्या हाडांचं वय कार्बनवरून कसं काढतात, हा घेतला. आठ पानं झाल्यावर रविवारी दुपारी नवऱ्याला वाचून दाखवली. तिसऱ्या पानावर तो घोरायला लागला. त्याला तरी काय बोलणार? लिहिताना बाईंचीही मान दोनदा पडली होती.

दुसऱ्या दिवशी डबा उशिरा आला, सगळंच पुढे ढकललं गेलं आणि बाई तास संपता संपता वर्गात पोचल्या. सर त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, पण शिस्तीचे. त्यांनी कारण विचारलं. बाईंनी डब्याची हकिगत सांगितली. सरांनी खोदून विचारलं, रोज किती निघतं, दुपारी परत काढलं तर किती मिळेल? बाई बोलत राहिल्या. शिपाई दाराशी किल्ल्या वाजवायला लागला तेव्हा कळलं, अर्धा तास झाला होता.

"विषय बदला," सर म्हणाले. "हेच लिहा."

"सर, हे तर माझं रोजचं काम. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

"दुपारी किती मिळेल ते तुम्ही अंदाजाने सांगितलंत. आता मोजून सांगा."

विभागप्रमुख डॉक्टरांची परवानगी घेऊन बाईंनी आठवडाभर सकाळी नऊला आणि दुपारी तीनला मोजमाप घेतलं. आकडे जमले, पण गाडी एका वाक्यापाशी अडली. डबा रिकामा केल्यावर टेक्नेशियम आधी भराभर वाढतं, मग रेंगाळतं, ते का? समीकरण पाठ होतं, सोप्या शब्दांत मात्र उतरेना. नवरा नळाची कामं करणारा. स्वयंपाकघरातली तोटी बसवता बसवता त्याने ऐकून घेतलं आणि हात पुसले.

"वरच्या टाकीतून खालच्या टाकीत पाणी येतंय, आणि खालचीला भोक आहे," तो म्हणाला. "रिकामी असताना पटापट चढणार. जसजशी भरेल, तसं गळणंही वाढणार. येणं-जाणं बरोबरीला आलं की पातळी थांबली."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहिलं आणि खाली टीप दिली: 'एका नळकारागिराने सांगितल्याप्रमाणे.'

गुरुवारचा सकाळचा आकडा फारच खाली होता. आलेखात तो दातात अडकलेल्या कणासारखा खुपत होता. थोडा वर सरकवला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण बाईंनी जपून ठेवलेली त्या दिवशीची बाटली काढून पाहिली. हवा काढून घेतलेली ही बाटलीच डब्यातून पाणी ओढते; बूच सैल असल्याने तिच्यात हवा शिरली आणि पाणी अर्धंच ओढलं गेलं होतं. आकडा तसाच ठेवून त्यांनी कारण मांडलं. त्यात एक अख्खं पान गेलं, आणि तेच लिहिताना सगळ्यात जास्त मजा आली.

पन्नासपैकी बेचाळीस मिळाले. संदर्भांची यादी नीट नव्हती, त्याचे गुण गेले. टाकीच्या परिच्छेदाशेजारी सरांनी लिहिलं होतं, 'हे वर्गात सांगितलं तर चालेल का?' नवऱ्याने ती ओळ तीनदा वाचली. मग दिवसभर शीळ घालत होता.

डॉक्टरांनी आलेख मागून घेतला. तीन वाजता सकाळच्या जवळजवळ निम्मं मिळतं, हे पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक होतं. वेळापत्रकात कुणी बसवलं नव्हतं. आता दुपारीही दोन रुग्ण घ्यायचं ठरलं. पहिल्याच दिवशी लांबून आलेल्या एका आजोबांची थायरॉइडची तपासणी चारच्या आत आटोपली. एरवी त्यांना मुक्काम पडला असता. पाचची बस मिळेल ना, असं ते दोनदा विचारून गेले. बाईंनी हातमोजे काढले, मोजणीची नोंद केली आणि कॉलेजची पिशवी खांद्याला लावली.