गुरुजींची हाक

संगीतोपचाराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष मी बहुतेक जालना-भोकरदन बसमध्ये काढलं. सकाळी शाळेत संगीताचे तास घ्यायचे, दुपारी मांडीवर छोटी पेटी घेऊन बसमध्ये बसायचं, संध्याकाळी जालन्यात मस्तगडला घरी येऊन स्वयंपाक करायचा आणि मग ऑनलाइन वर्ग. वय बेचाळीस. वर्गातली बाकीची मुलं पंचविशीची. ती कॅमेरा बंद करून झोपायची, मी कॅमेरा चालू ठेवून डुलक्या काढायचे. सासूबाई एकदा शेजारणीला सांगत होत्या, "सून पेटी वाजवून पेशंट बरे करायला शिकून राह्यली. मंग डॉक्टरांनी काय तबला वाजवायचा का?" मला हसू आलं नाही, कारण त्या दिवशी मलाही तेच वाटत होतं.

या शिक्षणात नुसती परीक्षा देऊन भागत नाही. प्रत्यक्ष माणसाबरोबर ठरावीक तास काम करायचं, प्रत्येक बैठकीचं रेकॉर्डिंग करायचं, नोंदी लिहायच्या आणि आठवड्यातून एकदा पुण्याच्या मार्गदर्शक बाईंना ते सगळं फोनवर ऐकवायचं. बाई चांगल्या होत्या, पण रेकॉर्डिंग मध्येच थांबवून विचारायच्या, "इथे तुम्हाला काय वाटलं?" मला बहुतेक वेळा परतीची बस चुकेल असं वाटलेलं असायचं. ते काही नोंदीत लिहिता येत नव्हतं.

भोकरदनच्या एका फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांनी मला गुरुजींकडे पाठवलं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. वर्षभरापूर्वी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत यायचा नाही. तरी पहिल्या दिवशी मी पेटीवर शाळेतली जुनी प्रार्थना धरली, तर ती त्यांनी शेवटपर्यंत म्हटली, शब्दांसकट. त्यांची बायको पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची बऱ्याचदा उघडी राहते आणि त्या वाटेनं एखाददुसरा शब्द बोलण्यात आणता येतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तिला वाटलं, गुरुजी बरे झाले. प्रार्थना संपली, ते पुन्हा गप्प झाले, आणि तिचा चेहरा मला बघवेना.

"मला गाणं नको म्याडम," ती म्हणाली. "ह्यांनी मला हाक मारावी, बस एवढंच. परवा न्हाणीत जायला उठले अन् पडले. मी मागं धुणं धुऊन राह्यले होते. आवाज दिला असता तर आले असते ना."

मुलानं उशाशी ठेवायला घंटी आणून दिली होती, पण गुरुजी तिला हात लावत नव्हते. "शाळेत घंटी शिपाई वाजवायचा," ती म्हणाली. "हे कशाला वाजवतील?"

तेव्हा ठरलं, हाक आणायची. आणि हाक म्हणजे नाव, असं मी धरून चालले. पुस्तकातल्या उदाहरणांत माणूस आधी बायकोचं नाव घेतो. हिचं नाव तीन अक्षरांचं, शेवट आकारात, गायला सोपं. मी ते दोन सुरांवर बसवलं, बाईंनी आराखडा मंजूर केला, आणि आठवड्यातून दोनदा मी गुरुजींचा डावा हात हातात घेऊन, मांडीवर एकेका अक्षराला ठेका देत, तिचं नाव गात बसले.

गुरुजी ओठ मिटून घ्यायचे. प्रार्थना म्हणायचे, पाढे म्हणायचे, नाव आलं की भिंतीकडे बघायचे. मी पट्टी खाली घेतली, लय कमी केली. पाचव्या बैठकीच्या नोंदीत 'प्रतिसाद नाही' लिहिलं आणि आठव्या बैठकीच्या नोंदीत 'सहकार्य कमी'. आयुष्यभर पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिलेल्या माणसाला मी असा शेरा दिला, याची आज लाज वाटते. तेव्हा फक्त राग येत होता. तास भरत चालले होते आणि शेवटच्या सादरीकरणात दाखवायला माझ्याकडे एक अक्षर नव्हतं. दहाव्या बैठकीला मी बायकोलाच त्यांच्यासमोर खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "गुरुजी, यांच्याकडे बघून म्हणा." गुरुजी कानापर्यंत लाल झाले. ती तोंडाला पदर लावून उठली आणि चहा टाकायला निघून गेली. मी वहीत लिहिलं, 'पत्नी बैठक सोडून गेली.'

पुढच्या खेपेला मी पोचले तेव्हा गुरुजींना झोप लागली होती. उठवायचा जीव होईना. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून मागचं रेकॉर्डिंग ऐकत होते, ती शेजारी मेथी निवडत होती.

"म्याडम, तुम्ही माझं नाव किती वेळा घेता हो," ती म्हणाली. "एवढं तर माहेरी पण कुणी घेतलं न्हाई."

"आणि गुरुजी?"

"नावानं? बिलकुल न्हाई. लग्नात बायांनी उखाणा घ्यायला लावला तेव्हा घेतलं, ते बी मान खाली घालून. त्याला चाळीस वर्षं झाली. तुम्ही रोज चारचौघांत घ्यायला लावता, मलाच लाज वाटून राह्यली."

चारचौघं म्हणजे मी आणि माझा मोबाइल. मी तो बंद केला. पुण्याच्या बाई आणि त्यांचे यजमान एकमेकांना नावानं हाक मारतात. त्यांच्या हे लक्षात आलं नाही, यात त्यांचा दोष नाही. पण मी इथली. मला घरात बावीस वर्षं 'अगं' म्हणूनच बोलावलं जातं. माझ्या आईचं नाव मी वडिलांच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय. दहा बैठका मी एका भल्या माणसाला, जे त्यानं जन्मात केलं नाही ते करायला लावत होते, आणि त्याला बोलता येत नसल्यामुळे 'हे मला जमायचं नाही' एवढंही सांगता येत नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड आली की समोरचा चहा तसाच निवून गेला.

"मग हाक कशी मारायचे?" मी विचारलं.

तिनं आधी गुरुजी झोपलेत याची खात्री केली. मग उठून दारात उभी राहिली. "शाळेतून आले की सायकल लावायच्या आधीच, 'ऐकलं का'." शेवटचं अक्षर तिनं त्यांच्यासारखं वर ओढलं आणि लाजून पुन्हा मेथीकडे वळली. "पाण्याला तेच, चष्म्याला तेच. मंग आपण जाऊन बघायचं काय पाहिजे ते."

मी तो सूर पेटीवर शोधू लागले. 'का' दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी जात होता. संगीत विशारद असून मला तो पेटीत बसवता येईना. शेवटी मी पेटीचा भाता लावून टाकला आणि त्या दिवसापासून ती घरीच ठेवली.

मार्गदर्शक बाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला हे सुचलं नसतं. तुम्हाला सुचायला हवं होतं." बोलणं लागलं, पण खरं होतं. झालेल्या बैठका नोंदीत तशाच राहू द्यायच्या, खाली चूक लिहायची, मग नवं उद्दिष्ट लिहायचं, असं त्यांनी सांगितलं. मी लिहिलं. सहकार्य कमी पडलं ते माझं, हेही लिहिलं.

नवी हाक पहिल्यांदा म्हटली तेव्हा गुरुजींनी भिंतीकडे न बघता माझ्याकडे पाहिलं. पण त्यांना ती लगेच आली असं नाही. पुस्तकातली माणसं दोन पानांत बोलायला लागतात. आम्हाला नुसत्या 'ऐ'ला तीन बैठका लागल्या. पुढे 'का' आला, मधलं अक्षर हवेतच राहायचं. उन्हाळा लागला, शाळेच्या परीक्षा आल्या, मला ताप येऊन गेला. बसमध्ये डोळा लागून मी एकदा पार डेपोपर्यंत गेले. शेवटच्या दोन-तीन बैठका उरल्या तेव्हा मी मनात सादरीकरणाची वाक्यं जुळवायला घेतली होती, की उद्दिष्ट अंशतः साध्य झालं.

त्या दुपारी मी ठेका देता देता थांबले. थकवाच इतका होता की हात उचलेना. गुरुजींनी माझ्या हातातून आपला डावा हात सोडवून घेतला, स्वतःच्या मांडीवर दोनदा आपटला, आणि माझ्या डोक्यावरून मागच्या दाराकडे बघत म्हणाले, "ऐकलं का."

शब्द जाडसर होता, मधलं अक्षर घसरलं होतं, पण 'का' जिथे जायला हवा तिथे गेला.

मागून आवाज आला, "आले की हो. हातातलं टाकून पळायचं का माणसानं?" चाळीस वर्षांच्या सवयीनं, वैतागून. नळाखाली भांडी वाजत होती, ती थांबली. मग ती साबणाच्या हातांनी धावत दारात आली.

"काय पाहिजे?" ती म्हणाली.

गुरुजींना काही नको होतं, आणि असतं तरी पुढचा शब्द त्यांच्याकडे नव्हता. ती समोर उभी असताना त्यांनी पुन्हा तशीच हाक मारली.

"आले ना. हितंच हाये," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून खाटेजवळ खाली बसली. मला रडू आवरेना. मी फोन बंद केला, मागच्या दारी गेले आणि तिची राहिलेली भांडी घासायला बसले.