आवळलेलं स्टेअरिंग

वळण संपलं की काकी दोन्ही तळहात उघडायच्या. स्टेअरिंग सोडून द्यायच्या म्हणा ना. शेजारी बसलेला माणूस दाराची कडी धरायचा. ते काळं चाक त्यांच्या उघड्या हातांतून सरसर फिरत आपलं आपण मधोमध यायचं, गाडी सरळ रस्त्याला लागायची आणि काकी म्हणायच्या, "बघ. आलं ना परत?"

गेल्या काही वर्षांत धुळ्यात राहिलेल्या कुणीही ती लहानशी राखाडी गाडी पाहिलेली असणार. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरणारी, आणि चालवायला डोक्यावर पदर घेतलेली, पन्नाशीची विधवा बाई. तुम्ही फुटपाथवर थांबून हसला असाल. शेठाणीची हौस म्हणाला असाल. मीही म्हणाले होते.

त्यांचं घर पेठेतलं. कापसाचा व्यापार, आजेसासऱ्यांच्या वेळी मारवाडातून आलेलं कुटुंब. नवरा वारलेला, मूल नाही, दुकान आणि घर दोन्ही दिराच्या हातात. शेवटच्या आजारपणात नवऱ्याला गाडी चालवणं झेपेना, म्हणून त्यानेच काकींना देवपुरातल्या मोकळ्या मैदानावर शिकवलं. नंतर तो त्यांच्या शेजारी बसून शिरपूरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात जायचा. मग ती शेजारची जागा रिकामी झाली. घरात त्यांना कुणी वाईट बोलत नव्हतं. बोलतच नव्हतं. ताट वेळेवर यायचं, एवढंच.

आमची ओळख साक्रीच्या एसटीची वाट पाहताना झाली. दुष्काळाची कामं निघालेली, साक्रीच्या पुढे बायका उन्हात खडी फोडत होत्या, आणि तिथे ना सावलीला छप्पर, ना प्यायला पाणी. आम्ही काही पोरंपोरी पत्रकं छापून ती कामावर वाटत होतो, मामलेदाराच्या दारात ओरडत होतो. एसटी आली नव्हती. राखाडी गाडी थांबली.

"कुठे जायचं, छोरी?"

"दहिवेलच्या पुढे. तुम्ही कुठे चाललात?"

"मला कुठेच जायचं नाही. बस."

मी बसले आणि कुसुंब्यापर्यंत त्यांना व्यापारी लोक गरिबांना कसे नाडतात ते ऐकवलं. त्यांच्याच गाडीत बसून. काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. आता जरा गप्प राहा, पुढे छान वळण आहे."

छान वळण! मी माणसांच्या तहानेबद्दल बोलत होते. पण पुढे त्या गाडीतून इतक्या वेळा गेले की मलाही ती वळणं पाठ झाली, आणि काकींना त्यात काय मिळतं तेही कळायला लागलं.

एकदा नेरच्या अलीकडे रस्ता रिकामा पाहून त्यांनी मला चालवायला बसवलं. मी चाक असं आवळलं की बोटं पांढरी पडली.

"हात ढिले, छोरी. गळा आहे का तो कुणाचा?"

मग त्यांनी सांगितलं. चाक मधोमध असताना अगदी नखाएवढं सैल असावं, जास्त नको. जास्त असलं तर आपण सांगतो आणि गाडीपर्यंत पोचतच नाही. वळायला लागलं की त्याचं वजन हळूहळू वाढलं पाहिजे, म्हणजे आपण किती मागतोय ते हाताला कळतं. रस्ताही हाताला कळला पाहिजे. खड्डा, वाळू, ओल, सगळं. आणि वळण झालं की त्याला सोडायचं, ते परत येतं. पुढच्या टायरमध्ये हवा कमी झाली तरी ही गंमत जाते, म्हणून निघण्याआधी त्या चाकांपाशी वाकून बघायच्या. दिराने नवी मोठी गाडी घेतली होती, ती त्यांना मुळीच आवडत नसे. "दिवाणखान्यात बसून सोफा वळवल्यासारखं वाटतं."

"पण काकी, एवढं काय आहे त्यात?"

"मी एवढंसं सांगते, ती एवढंसं ऐकते. मी जास्त सांगितलं तर जास्त. लगेच." मग म्हणाल्या, "घरात मी पाणी मागितलं तरी आधी एकमेकांकडे बघतात."

खडीच्या कामावर बायकांना त्यांचं फार अप्रूप. पहिल्याच दिवशी एका म्हातारीने हातोडी खाली ठेवून अहिराणीत विचारलं, "काय व माय, गाडी तूच चालाडस? तुना शेठ कोठे शे?"

"शेठ वर गेले. गाडी खाली ठेवून गेले."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नंतर गाडी येताना दिसली की म्हातारी ओरडायची, "उनी व, शेठाणी उनी!" आम्ही पत्रकं वाटायचो. काकी मागच्या सीटवरून पाण्याच्या कळशा उतरवायच्या, कुणी न सांगता. परतताना, ताज्या खडीवरून गाडी जायला लागली की म्हणायच्या, "ही त्यांनी फोडलेली. हाताला लागते बघ."

मग एका आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला म्हणून दिराने परस्पर पाठवली. परत आल्यावर आम्ही निघालो आणि पुलाशीच काकींचा चेहरा बदलला. वळल्यावर त्यांनी तळहात उघडले. चाक जागचं हललं नाही. गाडी तशीच वळत राहिली, कठड्याकडे. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून ती सरळ केली.

साक्री राहिलं. आम्ही सरळ गॅरेजवर गेलो. मिस्त्रीने काकींना पाहून हात पुसायला सुरुवात केली आणि पुसतच राहिला.

"स्टेअरिंगच्या बॉक्सचा स्क्रू आवळलाय," काकी म्हणाल्या.

"शेठनी सांगितलं, भाभीजी. थोडं जड करून ठेव म्हणाले. बाईमाणसाचे हात दुखले की आपणच सोडतील."

"ढिला कर."

"शेठना विचारावं लागेल."

अशा वेळी दीर मुळात वाईट माणूस नव्हता असं लिहिण्याची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. ज्याला भावजयीला तोंडावर 'चालवू नका' म्हणता येत नाही, कारण पेठेत त्याची इज्जत आहे, आणि जो गुपचूप एक स्क्रू पिळून घेतो, त्याला मी आणखी काय म्हणू?

गाडीतच मी पत्रकाचं शीर्षक तयार केलं. 'व्यापाऱ्याच्या घरात विधवेचे स्टेअरिंग आवळले!' काकी ते ऐकून इतक्या हसल्या की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग डोळे पुसत म्हणाल्या, "नको, छोरी. दिरांची मुलं मला मोठी आई म्हणतात. तेवढी दोनच तर येतात खोलीत."

"मग घरात सांगा! भांडा!"

"काय सांगू? मनाई कुणी केलीय? कुणीच नाही केली."

त्यांनी गाडी सोडली नाही. तो सगळा उन्हाळा त्या जड चाकाशी झोंबत त्या साक्रीला येत राहिल्या. खांद्याला तेल चोळल्याचा वास यायचा. वळण आलं की आधी एक श्वास घ्यायच्या. हसणं कमी झालं. मी दुसऱ्या गॅरेजची नावं सुचवली, पण त्या म्हणाल्या की सगळे शेठना ओळखतात. आणि ते खरं होतं.

दहिवेलच्या पुढच्या एका वळणावर समोरून बैलगाडी आली. काकींनी गाडी बाजूला वळवली, परत आणायला चाक ओढलं, आणि ते वेळेत आलं नाही. गाडी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घुसली. बायका हातोड्या टाकून धावल्या.

"लागनं का व माय?" म्हातारीने काकींचं मनगट धरलं.

लागलं कुणालाच नव्हतं. एका दिव्याची काच गेली होती. बायकांनी गाडी ढकलून बाहेर काढली, आणि विस्कटलेला तो ढीग त्या पुन्हा रचत होत्या तेव्हा काकी उन्हात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

दिराला हवं ते मिळालं. आता काळजीने बोलता येत होतं. "भाभीजी, तुमच्या जिवाला काही झालं असतं तर लोकांना काय तोंड दाखवलं असतं?" दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हर ठेवला गेला. आणि आता नीट ऐका. ड्रायव्हर पहिल्या फेरीनंतर म्हणाला, स्टेअरिंग फार जड आहे. त्याच संध्याकाळी ते ढिलं झालं. ढिलं करायला कुणाला काही विचारावं लागलं नाही.

मी शेवटची त्यांच्यासोबत बसले ती मागच्या सीटवर. देवपुरात मला सोडायला त्या आल्या होत्या. पुढे ड्रायव्हर, बाजूची जागा रिकामी. पुलानंतरचं वळण आलं. काकी पुढे झुकून त्याच्या हातांकडे बघत होत्या. त्याने चाक घट्ट धरून वळवलं आणि घट्ट धरूनच परत आणलं, पेटीचं झाकण लावावं तसं.

"भैया, वळण झालं की जरा सोडून बघा."

"गाडी आहे, माँजी. सोडून कसं चालेल?"

त्या मागे टेकल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "छोरी, ते आता परत यायला बघतंय. हा येऊच देत नाही."

पावसाळ्यानंतर त्यांना राजस्थानात भावाकडे हवापालटाला पाठवलं. तिथेच त्या गेल्याचं मला पेठेत एका दुकानदाराकडून कळलं, कापड मोजता मोजता त्याने सांगितलं. कामावर शेवटी छप्पर झालं, पाण्याची टाकी आली. म्हातारी अजून विचारते, "शेठाणी कोठे शे व?"

राखाडी गाडी तोच ड्रायव्हर चालवतो. परवा पुलावर ती माझ्या अगदी जवळून गेली. मागच्या सीटवर कापसाच्या नमुन्यांची पोती होती.