सोमारीच्या झाडाखालची चोरी

वारलू मडावी वीस वर्षांपासून जमीनदाराच्या बागेचा राखणदार. बाग म्हणजे नावाचीच हो, खरं तर दोनशे एकर रान. मधोमध तलाव, काठाला अर्जुन, चितळांचे कळप आणि मोहाची पन्नासेक म्हातारी झाडं. जमीनदाराचे नातू नागपुरात, बंगल्यात वटवाघळं. मोह मात्र गावाचे. कोणतं झाड कोणत्या घराचं हे आज्यापासून ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूलही कोणी उचलत नाही. उचललं तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

आणि हाच वारलू या चैतात चार दिवसांपासून फटफटताच विधवा सोमारीच्या झाडाखाली टोपलं भरत होता.

बागेतल्या नाल्याच्या ओल्या रेतीत त्याला पंज्यांचे ठसे दिसले होते. वाघिणीचे, सोबत दोन पिल्लांचे. बाकीचे मोह बंगल्याजवळ, माणसांच्या वर्दळीत. सोमारीचा एकटाच नाल्याच्या काठी. फुलं वेचायला बाई उकिडवी बसते, वाकते, आणि वाघाला ती माणूस नाही, चरणारं जनावर वाटते.

मग सांगायचं की नाही? पण सांगितलं की वनखातं बाग बंद करणार, तीस घरांची मोहफुलांची कमाई बुडणार, वाघीण पिंजऱ्यात जाणार. वाघिणीवर त्याचा जीव होता, खोटं कशाला बोला. म्हणून शहाण्यानं डोकं चालवलं: झाडाखाली फुलंच नसली तर सोमारी येईल कशाला? फुलं आपल्या छपरावर वाळवायची, हंगाम सरला की तिला नेऊन द्यायची. डोकं चाललं खरं, पण जेवण जाईना. पान वाजलं तरी तो दचकायचा. दिवसातून दहादा नाल्याकडे चक्कर.

पाचव्या सकाळी तो पोचला तर झाडाखाली सोमारी आधीच बसलेली. मांडीवर कोयता, पाठ नाल्याकडे.

"अंधारातच आली मी, चोर पकडाले," ती म्हणाली. "तू होय रे, वारलूभाऊ? मले वाटलं, दुसरं कोनी असंन."

तिच्या मागं चितळ ओरडलं, वाघ जवळ असला की ओरडतं तसं. पुन्हा ओरडलं. त्याच्या चोरीनंच बाई आज एकटी, अंधारात इथं आली होती.

"उठ बाई. पळू नोको. हळूहळू माह्याकडं ये."

त्याचा चेहरा पाहून ती उठली. ती चार पावलं आली असेल, तोच झुडपामागून वाघीण उभी राहिली. वारलू काठीनं टोपलं बडवत, घसा फाडून ओरडत सुटला. वाघिणीनं दोघांकडे पाहिलं, मग पिल्लांना घेऊन नाला ओलांडून गेली.

बंगल्याच्या पायरीवर त्यानं सोमारीला सगळं सांगितलं.

दुपारपर्यंत त्यानं गावात घरोघर जाऊन वाघिणीचं सांगितलं, वनखात्यालाही कळवलं. संध्याकाळी वनखात्यानं फाटकाला कुलूप लावलं. लोकांनी त्याला नाही नाही ते बोलून घेतलं आणि त्यानं ते ऐकून घेतलं.

मग तो चार दिवसांचा वाळवलेला मोह घेऊन सोमारीच्या दारात गेला. तिनं पोतं आत घेतलं.

"पंजे दिसले त्याच दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"बाग बंद झाली असती, बाई. वाघीनबी गेली असती."

"अना मी?"

वारलू दारातून एक पाऊल मागं सरला.

"येनं का नाई येनं, ते मी ठरवलं असतं," सोमारी म्हणाली आणि दार लावून घेतलं.