काकीची निळी भिंत

साजगावची आमची शेजारीण काकी रविवारी कमरेपर्यंतच नटायची. खाली घरातला विटका गाऊन, वर मात्र ठेवणीतल्या साडीचा पदर खांद्यावरून ओढलेला आणि केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले. मी हसले की म्हणायची, "हसतेस काय गं वैशू? गुडघे काय जर्मनीला दिसतात?"

जर्मनीला तिचा एकुलता एक सुनील. मागे आला होता तेव्हा त्याने घरात इंटरनेट घेतलं, कपाटाला स्टँड ठोकून त्यात टॅबलेट बसवला आणि समोरची एकच भिंत निळी रंगवून घेतली. त्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, पुढ्यात खुर्ची. "आई, हिरवं बटण दाब आणि इथंच बस. स्टँड हलवू नकोस," एवढं बजावून तो गेला. काकी झाडतानासुद्धा स्टँडला हात लावत नसे. बाकीच्या भिंतींचे पोपडे पडले, छताला ओल आली. ते जर्मनीला कधीच दिसलं नाही.

"कशी आहेस आई?"

"मजेत हाय रं. तू जेवलास का?"

प्रत्येक रविवारी हेच. साखरेच्या आजारात तिच्या पायाला जखम झाली, ती चिघळली. मी रोज पट्टी बदलायचे. सुनीलने विचारलं, चालायला जातेस ना, तर पट्टीतला पाय पाटावर ठेवून ही बाई म्हणाली, "हा तर, शिळफाट्यापर्यंत जाऊन आले." डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणून मागे लागले होते. हिचं एकच, "सुनील आला की जाऊ." आणि त्याला ये म्हणायचं नाही! "त्याची नोकरी नवीन हाय गं. पाय बघितला तर धावत येईल."

एका रविवारी मला राहवलं नाही. मी उठून टॅबलेट खाली वाकवला. "दादा, हा पाय बघ." चित्र हललं, अडकलं. आवाज तेवढा आला, "वैशू, सेटिंग नको गं बदलूस, सगळं परत बसवावं लागेल." काकीने हात लांब करून कॉल बंद केला. पुढच्या रविवारपासून दाराला आतून कडी. मी सुनीलला मेसेज केला. 'आईशी बोललो, ती ठीक आहे म्हणते,' असं उत्तर आलं.

हॉस्पिटलात नेलं तेव्हा विष अंगभर पसरलं होतं. सुनील पोचला तो अंत्यविधीला. मला दोघांचाही राग आहे, अजून आहे.

बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. सुनील घराच्या मधोमध उभा राहून पोपडे बघत होता. "वैशू, कॉलवर तर सगळं नीट दिसायचं गं."

"तूच बसवलं होतंस," मी म्हटलं.

तेवढ्यात टॅबलेट वाजला. जर्मनीहून त्याची बायको. त्याने घाईघाईने तोंड पुसलं, शर्ट ओढून सरळ केला आणि निळ्या भिंतीपुढे काकीच्या खुर्चीत जाऊन बसला. खाली मांडीवर ओला रुमाल त्याने मुठीत दाबून धरला.

"हो, ठीक आहे मी," तो म्हणाला. "तू जेवलीस का?"