मापटंवाला देव

कळंब्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गृहस्थांचं पशुखाद्याचं दुकान आहे. जुनी रोमन नाणी जमवायचा नाद आमच्या भागात आम्हा दोघांनाच, आणि त्यातला दुसरा मला आजही खपत नाही. त्या नाण्यांवरचा सेरापिस म्हणजे ग्रीक आणि इजिप्शियन लोकांचा मिळून एक देव. भरघोस दाढी, डोक्यावर धान्याचं माप. त्याची बाकीची नाणी माझ्याकडं होती. जे एक नव्हतं, ते पुण्याच्या प्रदर्शनात त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत उचललं.

आता येईल त्या गिऱ्हाइकाच्या तळहातावर ते नाणं ठेवतात. "मापटंवाला देव हाय. धरा की पावणं, भ्याताय कशाला?" पेंडीच्या हातांनी! माझा नुसता जळफळाट होतो.

नवरात्राच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडं गेलो, तर घरचे देव घासायला काढलेले. खंडोबा-जोतिबाच्या टाकांमध्ये माझं नाणं. होय, माझंच म्हणतो मी. त्याला ते चिंच चोळत होते.

"अहो, वरचा जुना थर गेला की किंमत गेली!"

"म्हणून देवाला पारोसं ठिवायचं व्हय?" त्यांनी लखलखीत नाणं कपाळाला लावलं. "तुमचं देव कुठं असत्यात?"

"बँकेच्या लॉकरात."

"मग त्यास्नी निवद कोण दावतं?"

दुसऱ्या दिवशी मी लॉकर उघडला. दाढीचा केस न् केस शाबूत असलेला माझा सेरापिस मला पहिल्यांदाच उपाशी दिसला.