चिमटेबाई

शिरड शहापुरात मिराबाईला लेकरं 'चिमटेबाई' म्हणत आणि ती दिसताच आईच्या पदराआड दडत. गोवर येऊन गेलेल्या घरी ती महिनाभर हेलपाटे घाली. 'लेकरू कसं हाय' असं विचारण्यात अर्थच नव्हता. गोवर म्हणजे देवी. निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालून तिची बोळवण केली, की घरात दुखण्याचं नाव काढायचं नाही. काढलं तर ती गेल्या पावली माघारी येते. म्हणून मरायला टेकलेल्या लेकराची आईसुद्धा 'खेळून राहिलंय' म्हणे. मिराबाई मग लेकराला बारीकसा चिमटा काढी. भोकाड पसरलं तर छाती मोकळी. रडणं तुटक आलं, तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून ती शेकायला बसे. तिचे स्वतःचे दोन मुलगे गोवरातून उठले आणि बोळवणीनंतर छाती भरून गेले होते. दोघांना तिनंच न्हाऊ घातलं होतं.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात नर्मदाबाईच्या दोन वर्षांच्या नातीचा गोवर उतरला.

"लई गुणाची झाली बगा," आजी कौतुकानं सांगू लागली. "चार दिवस झाले, रडत न्हाई का काही मागत न्हाई."

मिराबाई पोरीजवळ बसली. तिनं चिमटा काढला. पोरीनं तोंड वासलं, आवाज फुटला नाही. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"तातेराव, गाडी जुपा," ती पोरीच्या बापाला म्हणाली. "आत्ताच वसमतला डाक्टरकडं न्या."

"कालच बोळवण केली, मिराबाई. आज डाक्टरकडं नेलं तर देवीला खोटं पाडल्यावानी व्हईन."

ती त्याच्या पाया पडली. "माजे दोन असेच गेले."

"तुमचे गेले म्हून आमचं बी जाईन काय?"

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

"लेकराच्या अंगात देवीचा वास व्हता," नर्मदाबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. "हिनं देवीला चिमटा काढला."

त्या म्हातारीला दोष देववत नाही. नातीचं मरण कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय तिला घास गिळवला नसता. पण अख्ख्या गावानं ते खरं मानलं, याचा संताप येतो.

त्या उन्हाळ्यात गोवर उतरल्यावर आणखी चार लेकरं दगावली. मिराबाई चारी घरी गेली होती. चारी घरांनी तिला पाहून दार लावून घेतलं होतं.